धूम आणि बाष्प

न्यायशास्त्राच्या अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच जो डोंगर दाखविला जातो, आणि ज्याच्या माथ्यावरून उठणारा धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे अनुमान त्याने करावयाचे असते, तो डोंगर कोणत्या मुलखातला हे कोणाही ग्रंथकाराने सांगितलेले नाही. परंतु अंबाजोगाईच्या वर्गात ते उदाहरण मी जेव्हा जेव्हा मुलांपुढे मांडले, तेव्हा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बालाघाटाचीच रांग उभी राहिली. चैत्र-वैशाखात कोणीतरी शेताचा बांध पेटवून दिलेला असतो, जाळ उताराच्या पलीकडे असल्यामुळे दिसत नाही, धुराची रेघ तेवढी आकाशात चढताना दिसते, आणि आपण अंगणातूनच म्हणतो की तिकडे काही पेटले आहे. शेवटच्या वाक्यापर्यंत हे सारे मी शिकविले होते. धुरावरून अग्नीकडे जाण्याची ती वाट स्वतःच्या पायांनी चालण्याचा प्रसंग मात्र माझ्यावर आला तो निवृत्तीनंतर, गेल्या मार्गशीर्षात, केज आणि नेकनूर मागे टाकून बीडकडे जाताना. आणि त्या प्रसंगातला धूर माझ्याच मोटारीचा होता.

मांजरसुंब्याचा घाट उतरून मी सपाटीला लागलो होतो. गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून सावकाश आणलेली होती. आता रस्ता मोकळा दिसल्यावर पाय दाबला आणि गाडीने वेग घेतला. काही वेळाने एक मोटारसायकलस्वार शेजारी आला. मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचे लेकरू, आणि त्या लेकराच्या तोंडावर तिने पदर घट्ट दाबून धरलेला. “काका,” तो म्हणाला, “गाडी लई धूर सोडायलीय मागं. निळा. बघून घ्या.” त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढे निघून गेला. मी आरशात पाहिले. रस्ता स्वच्छ होता. जो लोट त्या मातेने पदराने अडविला तो केव्हाच विरला होता, आणि मला त्याचा गंधही आला नव्हता.

त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनातून हलत नाही. रस्त्यावरच्या इतक्या माणसांमध्ये माझ्या मोटारीचा धूर ज्याला दिसत नव्हता आणि ज्याच्या श्वासात जात नव्हता असा मनुष्य एकच होता, आणि तो म्हणजे त्या मोटारीचा मालक. नळी मागे, डोळे पुढे. धूर आत शिरलाच तरी थोड्या वेळात नाक त्याला सरावते. पेट्रोलच्या वासाने भरलेल्या गाडीत बसलेल्याला दहा मिनिटांनी तो वास जाणवेनासा होतो, आणि बाहेरून येऊन दार उघडणारा मात्र एकदम मागे सरतो. आपल्या इकडे ट्रॅक्टरची नळी बॉनेटवर उभी, चालविणाऱ्याच्या नजरेसमोर असते. ओझे वाढले की धूर काळा होतो हे तो बसल्या जागी पाहतो आणि गिअर बदलतो. परंतु तोच धूर वाऱ्याने मागच्या ट्रॉलीवर जातो, आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून जे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या ज्या जोड्या, ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्यांची भांडीकुंडी, शेरडे आणि लेकरे त्याच ट्रॉलीत बसलेली असतात. एकाला धूर दिसतो, दुसऱ्याच्या छातीत तो जातो. दोषाचे ज्ञान आणि दोषाचा भोग अशा रीतीने दोन वेगळ्या देहांत वाटले गेले, तर त्या दोषाची जबाबदारी कोणाकडे आणि तो ओळखायचा कोणी, हा प्रश्न मला मोटारीच्या दुरुस्तीपुरता वाटत नाही.

बीडला पोहोचल्यावर ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गेलो. पत्र्याचे छप्पर, खाली तेलाने काळी पडलेली जमीन, कोपऱ्यात जुन्या प्लगांनी भरलेला डालड्याचा डबा. मी धुराची कैफियत सांगितली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडण्याची घाई केली नाही. “गुरुजी, धूर कधी येतो? घाट चढताना, का उतरून खाली आल्यावर रेस दिली तेव्हा? सकाळी पहिल्यांदा चालू करताना येतो का? महिन्याला ऑइल किती टाकावं लागतं? आणि पाणी कमी होतं का?” एवढे विचारून ते थांबले. माधवकराने आपल्या निदानग्रंथाच्या आरंभी रोग जाणण्याची जी पाच साधने सांगितली आहेत, म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांपैकी चारांची विचारणा त्या प्रश्नांत होऊन गेली होती. उपशय तेवढा, म्हणजे उपाय करून पाहून त्यावरून रोग ठरविणे, त्यांनी शेवटासाठी राखून ठेवला होता. मला त्या क्षणी परळीचे वैजनाथ आठवले. वैद्यांचा नाथ ज्या गावी ज्योतिर्लिंगरूपाने पूजिला जातो, त्याच गावी औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि धूर व निदान यांची ही शेजारधर्माची जोडी मी लहानपणापासून पाहात असूनही तिचा अर्थ कधी मनावर घेतला नव्हता.

घाट चढताना की उतरल्यावर, या प्रश्नाचे मर्म त्यांनीच मला उलगडून सांगितले, आणि ते येथे सविस्तर लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते. निळा धूर म्हणजे इंजिनाचे वंगण जळत आहे. हे झाले सामान्य अनुमान. परंतु वंगण जळण्याच्या जागेत शिरण्याच्या वाटा दोन असतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ते खालून वर येते, आणि इंजिनावर ओझे पडते तेव्हा, म्हणजे घाट चढताना, धूर अधिक दिसतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सीले कडक होऊन गेली असतील तर ते वरून खाली ओघळते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आतला ओढा वाढतो, थेंब थेंब तेल आत साचत राहते, आणि सपाटीला येऊन पाय दाबला की साचलेले सगळे एकदम जळून निळा लोट बाहेर पडतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करतानाचा पहिला निळा फुत्कार याच वाटेची साक्ष देतो. एका दुरुस्तीत इंजिन उघडून पसरावे लागते, दुसरी त्या मानाने अल्प खर्चात होते. ज्या घाटाने मी शेकडो वेळा गेलो तो घाट अशा रीतीने माझ्या गाडीची परीक्षा घेत होता. फक्त उत्तरपत्रिका मागून येणाऱ्यांच्या हाती पडत होती.

मग त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी बसून आतल्या कडेवरून बोट फिरविले, काजळी अंगठ्याशी चोळून पाहिली आणि ते बोट माझ्यापुढे धरले. “कोरडं असतं तर पेट्रोल जास्त जातंय म्हणलो असतो. हे चिकट हाय.” नंतर चारही प्लग काढून फळीवर ओळीने मांडले: तीन बिस्किटाच्या रंगाचे, फिकट तपकिरी, जसे असावेत तसे, आणि चौथा काळा, ओला, तेलाने चकाकणारा. तेवढ्यावर त्यांनी फैसला दिला नाही. प्लगाच्या भोकात कॉम्प्रेशनचे घड्याळ लावून इंजिन फिरविले आणि काट्याचा आकडा खडूने भिंतीवर लिहिला. मग चमचाभर वंगण त्याच भोकातून आत सोडून पुन्हा काटा पाहिला. रिंगा झिजलेल्या असत्या तर त्या वंगणाने फट भरून काटा एकदम वर चढला असता. काटा पहिल्या खेपेलाच जागेवर होता आणि दुसऱ्या खेपेला फारसा हलला नाही. “रिंगा शाबूत हायत, गुरुजी. सील गेलंय.” ज्याला आमचे शास्त्र अन्वय आणि व्यतिरेक म्हणते, म्हणजे कारण असताना कार्य असणे आणि कारण नसताना कार्य नसणे या दोहोंनी संबंध पक्का करून घेणे, त्याचा इतका निर्मळ प्रयोग मी पुस्तकाबाहेर कधी पाहिला नव्हता. आम्ही मुलांना अन्वयाला स्वयंपाकघर आणि व्यतिरेकाला तळे सांगतो. चमचाभर तेल कधी सांगितले नाही.

काळ्या धुराची गोष्ट थोडक्यात आटोपते. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एअर फिल्टर धुळीने तुंबला, किंवा इंधन सोडणारे तोंड बिघडून जास्त सोडू लागले, की हवा कमी पडते, इंधन अर्धवट जळते, आणि न जळलेला कोळसा काजळीच्या रूपाने बाहेर येतो. आमच्या रस्त्यांवरची धूळ ध्यानात घेता फिल्टर झटकून पाहणे हा पहिला उपाय होय, आणि पुष्कळदा तोच शेवटचाही ठरतो.

येथे मात्र न्यायशास्त्रातील एका जुन्या वादाकडे वळल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. धूर असेल तेथे अग्नी असतो हे खरे. परंतु अग्नी असेल तेथे धूर असतोच काय? नैयायिकांनी उत्तर दिले की नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. मग धूर कशाने येतो? ओल्या इंधनाच्या संयोगाने. अग्नीवरून धुराचे अनुमान करू पाहणाऱ्याच्या तर्कात हे ओले इंधन न सांगता दडून बसलेले असते, आणि अशा दडून बसलेल्या अटीला त्यांनी उपाधी असे नाव दिले. हा विचार किती सूक्ष्म आहे हे मला त्या पत्र्याखाली प्रथम कळले. धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे. तो अग्नीशी जोडल्या गेलेल्या ओलीचा, म्हणजे अपुऱ्या ज्वलनाचा परिणाम होय. कमी पडलेली हवा, सीलामधून ओघळलेले वंगण, ही सारी आमच्या काळातली ओली लाकडेच आहेत.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका सप्ताहाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक ट्रकमालक बसले होते, सज्जन, माळकरी, दरवर्षी पायी पंढरीला जाणारे. त्यांच्या ट्रकच्या धुराविषयी कोणी काही बोलले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अहो, अग्नी म्हटला की धूर आलाच. गीतेतच सांगितलंय.” पंगतीतल्या कोणी त्यांना अडविले नाही, आणि मीही गप्प राहिलो, याची मला आजही खंत वाटते. त्यांनी सांगितलेला आधार खोटा नव्हता. अठराव्या अध्यायातील ४८ व्या श्लोकात, आपल्या वाट्याला सहज आलेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, कारण अग्नीला जसा धुराने वेढावे तसे सर्व आरंभ दोषाने वेढलेले असतात, असा अभिप्राय आहे. धर्माचा गंभीर प्रश्न येथेच उभा राहतो: सर्व कर्मांत दोष असतोच असे शास्त्रच सांगत असेल, तर आपल्या कर्मातील दोष शोधण्याचा खटाटोप मनुष्याने का करावा?

ज्या श्लोकाचा आधार घेतला त्यातील ‘सहज’ हा शब्द ओलांडून पुढे गेल्यामुळे हा प्रश्न निर्माण होतो, असे माझे मत झाले आहे. सहज म्हणजे बरोबर जन्मलेले. ज्वलनाबरोबर जे जन्मते ते कोणते, हे आता रसायनशास्त्र सांगू शकते: पेट्रोल अगदी निर्दोष जळाले तरी त्यातून पाणी आणि कर्बद्विप्राणील वायू ही दोन निघणारच. लिटरभर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन नळीतून बाहेर पडते, आणि कर्बद्विप्राणील वायू सुमारे २.३ किलो. हा सहज धूर. सीलामधून ओघळलेले वंगण मात्र अग्नीबरोबर जन्मलेले नाही. ते मालकाच्या दुर्लक्षातून जन्मले. त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, ३८ व्या श्लोकात, पुन्हा धूर आणि अग्नी येतात, परंतु तेथे धूर ही ज्ञानाला झाकून टाकणाऱ्या कामाची उपमा असून आरशावरच्या मळाच्या ओळीला बसविली आहे, आणि तो काम जिंकून टाक असा अर्जुनाला पुढे स्पष्ट आदेश आहे. एकाच ग्रंथात धुराचे असे दोन प्रसंग आहेत: एका धुरासाठी कर्म सोडू नको, दुसरा धूर राहू देऊ नको. यांपैकी आपला धूर कोणता हे पाहिल्याशिवाय जो अठराव्या अध्यायाचा आश्रय घेतो, तो आरशावरचा मळ हा काचेचाच गुण आहे असे म्हणतो.

सहज धूर निरुपद्रवी असतो असे मात्र मला म्हणावयाचे नाही. तो कर्बद्विप्राणील वायू आकाशात साठत जाऊन पृथ्वीचे तापमान वाढवितो, आणि पावसाने डोळे वटारले की काय होते हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. श्लोकानेही त्याला दोषच म्हटले आहे, गुण म्हटलेले नाही. सहज दोष सोसावा तो कर्म आवश्यक असेल तेव्हाच, असा त्याचा अर्थ मी लावतो. आणि म्हणून बीडचे काम एकट्याचे व हातात ओझे नसलेले असेल तर मी आता एस.टी.ने जातो. निदानाने धूर नाहीसा होत नाही. त्यातला किती आपला आहे एवढे कळते.

आता पांढऱ्या धुराकडे. हा सर्वांत फसवा. थंडीच्या सकाळी प्रत्येक मोटारीच्या नळीतून पांढरी वाफ निघते आणि इंजिन तापले की ती दिसेनाशी होते. तो धूर नव्हेच, ज्याचा हिशेब वर दिला तेच पाणी होय. परंतु हेड गॅस्केट गेले असेल आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी जळण्याच्या जागेत शिरू लागले असेल, तरीही पांढरेच दिसते. फरक एवढा की ते इंजिन तापल्यावरही थांबत नाही, दाट असते आणि त्याला एक गोडसर वास येतो. कूलंटमध्ये जे ग्लायकॉल घालतात ते चवीला गोड आणि शरीराला विषारी असते. ऑइलचे झाकण उघडले तर त्याच्या आतल्या बाजूस कधी ताकासारखा पांढुरका साका चिकटलेला आढळतो. तेल आणि पाणी एकत्र घुसळले गेल्याची ती खूण, जरी थंडीत फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीतही थोडा साका आपोआप धरतो. मिस्त्रींनी माझे झाकण उघडून दाखविले; ते स्वच्छ होते.

सातव्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने नेमका हाच प्रमाद हेत्वाभासांत, म्हणजे अनुमानाच्या खोट्या आधारांत, नोंदविलेला आहे. दूरवर काही पांढुरके तरंगताना दिसते. ती वाफ आहे की धूर, याचा निर्णय झालेला नाही. आणि तरीही पाहणारा त्याच्या आधाराने अग्नी सिद्ध करू लागतो. अशा हेतूला त्याने संदिग्धासिद्ध म्हटले. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या भेदात दोन्ही बाजूंचा धोका आहे हे मला मोटारीने शिकविले. वाफेला धूर समजणारा निष्कारण घाबरतो आणि धडधाकट इंजिन उघडून बसतो. धुराला वाफ समजणारा आणखी शंभर कोस जातो आणि इंजिन जाळून घेतो. माणसांविषयीही आपण असेच करीत असतो. एखाद्याच्या स्वभावातली थंडीच्या सकाळची वाफ आपण दोष म्हणून धरतो, आणि दुसऱ्याचा गोडसर वास, जो आत काही फुटल्याची खूण असतो, तो सौजन्य म्हणून स्वीकारतो.

वासाच्या बाबतीत तर हेतू अधिकच डळमळीत होतो. सडक्या अंड्याचा वास घ्या. इंधनातील गंधकाचे जळण बिघडले आणि नळीतला उत्प्रेरक त्याला पचवू शकला नाही, की हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन तो वास येतो. परंतु बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन उकळू लागली तरीही हुबेहूब तोच वास येतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे भारत स्टेज ६ चे इंधन आले त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले, तेव्हा आता हा वास आला तर बॅटरीकडेही आधी एकदा पाहून घ्यावे, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. लक्षण एक, कारणे दोन. याला शास्त्रात अनैकान्तिक हेतू म्हणतात. चार्वाकांनी अनुमानच नाकारले ते अशाच अडचणी दाखवून, कारण सर्व काळचे आणि सर्व ठिकाणचे धूर कोणी पाहिलेले नाहीत. त्यांचा आक्षेप मला आदरणीय वाटतो; परंतु त्या पत्र्याखाली चार्वाक असता तर त्याने माझी गाडी दुरुस्त केली नसती.

माझ्याजवळ त्या वेळी प्रदूषण नियंत्रणाचा दाखला होता, आणि तो रास्त होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमान्वये ही तपासणी होते; माझ्या गाडीएवढ्या जुन्या गाड्यांना दाखला सहा महिने चालतो, भारत स्टेज ४ पासून पुढच्या गाड्यांना एक वर्ष. पेट्रोल गाडीच्या नळीत सळई घालून, इंजिन उभ्या जागी चालू ठेवून, कर्बएकप्राणील वायू आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. माझी गाडी उभ्या जागी निर्दोषच होती. तिचा दोष घाट उतरल्यावरच प्रकट होई, आणि दाखल्याला घाट नव्हता. तपासणाऱ्याने नियमाप्रमाणे जे मोजावयाचे ते मोजले आणि जे मोजले ते खरे लिहिले. तरीही तो कागद खिशात असल्यामुळेच मी दोन महिने निश्चिंत राहिलो, त्या दोन महिन्यांत किती जणांनी पदर तोंडाला लावला याची गणती कोणत्याही दप्तरात नाही. शब्दप्रमाण हे आप्ताचे वचन. परंतु आप्त कोणाला म्हणावे? ज्याने ती वस्तू जशी आहे तशी पाहिली आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, त्याला. या कसोटीने माझ्या मोटारीविषयीचा आप्त तो अनोळखी मोटारसायकलस्वार होता. तो मागे होता, त्याने पाहिले, आणि त्याला माझ्यापासून काही नको होते.

मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईत आहे. परंपरा सांगते की शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, त्यांनी विवेकसिंधु रचला. मराठीतील इतक्या जुन्या ग्रंथाने आपल्या नावात भक्ती किंवा ज्ञान हा शब्द न घालता विवेक हा शब्द घातला, याचे मला अलीकडे विशेष वाटू लागले आहे. विवेक म्हणजे वेगळे करणे, मिसळलेले निवडणे. समाधीपाशी ओढ्याकाठी बसलो म्हणजे मला वाटते की दोष टाकण्याच्या आधी दोष निवडावा लागतो, आणि आपली प्रायश्चित्ते पुष्कळदा निवडण्याच्या आधीच सुरू होतात. गाडीत जळका वास येऊ लागला की आपण आरशाला सुगंधी वडी टांगतो. तिने वास झाकला जातो आणि तो वास ज्याची बातमी आणत होता ते मात्र तसेच जळत राहते. लिंग, म्हणजे खूण, पुसले म्हणून साध्य, म्हणजे त्या खुणेवरून जे सिद्ध करावयाचे ते, नाहीसे होत नाही.

सर्वांत मोठे भय तर अशा ठिकाणी आहे जेथे लिंगच नाही. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कर्बएकप्राणील वायू बिनरंगी, बिनवासाचा आणि बिनचवीचा असतो. रक्तातील रंगद्रव्य त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने धरून ठेवते, आणि बंद जागेत मनुष्य डोके दुखते, झोप येते, एवढेच म्हणता म्हणता जातो. येथे नाक आणि डोळे यांचा काही इलाज चालत नाही. निळा, काळा आणि गोडसर धूर हे त्या मानाने दयाळू म्हणावे लागतील, कारण ते निदान फिर्याद तरी घेऊन येतात. मिस्त्रींनी गाडी माझ्या हवाली करताना एकच ताकीद दिली: “शेडचं दार लावून गाडी कधी चालू करू नका, गुरुजी. धूर दिसत नसला तरी.” ज्याचा काही पुरावा मिळणार नाही अशा गोष्टीसाठी आधीच दार उघडे ठेवावे लागते, आणि अनुमानाच्या सर्व प्रकरणांत मला या आज्ञेला जागा सापडली नाही; ती धर्माच्या प्रकरणातली आहे.

सीले बदलून झाल्यावर उपशय पाहावयाचा होता. मिस्त्रींनी आपल्या पोराला मोटारसायकल देऊन माझ्या मागे लावले. आम्ही घाट चढून मांजरसुंब्याला गेलो, चौकात गाडी वळविली, आणि त्याच उताराने, पाय काढून, सावकाश खाली आलो. सपाटीला लागताच मी पाय दाबला, आणि मग रस्त्याच्या कडेला थांबून त्या पोराची वाट पाहात राहिलो. तो आला, गाडी बंद केली. “काईच नाही, गुरुजी. पहिल्यांदा जरा निळं आलं, सायलेन्सरमध्ये जुनं साठलेलं. नंतर साफ.” मी त्याला पुन्हा एकदा मागे येण्यास सांगितले, आणि आम्ही तो घाट दुसऱ्यांदा चढलो.

परवा पहाटे अंबाजोगाईत कडाक्याची थंडी होती. शेडचे दोन्ही दरवाजे भिंतीला टेकेपर्यंत उघडून, त्यांना दगड लावून, मी गाडी चालू केली आणि मागे जाऊन उभा राहिलो. नळीतून पांढरे येत होते. तळहात वीतभर अंतरावर धरला. थोड्या वेळाने तो ओला झाला. नाकाजवळ नेला, वास नव्हता. बायकोला हाक मारून तिलाही हात धरावयास सांगितले, कारण माझ्या नाकावर या बाबतीत विसंबण्याचे मी सोडले आहे.